ऑक्सफर्ड युनियन : दोन सभागृहे आणि एक दुभागलेला दरवाजा

भारतातल्या पुष्कळ लोकांनी ऑक्सफर्ड युनियन या वादविवाद मंडळाचे सभागृह प्रथम पाहिले ते मोबाइलच्या पडद्यावर. २८ मे २०१५ रोजी शशी थरूर यांनी तिथे, ब्रिटनने आपल्या जुन्या वसाहतींना भरपाई देणे लागते, या प्रस्तावाच्या बाजूने सुमारे पंधरा मिनिटांचे भाषण केले आणि पुढच्या काही आठवड्यांत ते घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांतून इतके फिरले की, ते ज्या वादविवादाचा भाग होते तो वादविवाद बाजूला राहिला आणि भाषण तेवढे सुटून आले. त्या संध्याकाळी इतर वक्तेही बोलले होते, विरोधकांनीही आपली बाजू मांडली होती आणि अखेरीस प्रस्ताव १८५ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाला होता. ही मते कशी मोजली जातात ते त्या चित्रफितीत दिसत नाही. ती मोजण्याची जागा, म्हणजे एक दुभागलेला दरवाजा, पाहण्यासाठीच मी गेलो होतो असे म्हटले तरी चालेल. तिथे गेल्यावर मात्र माझा अधिक वेळ दुसऱ्याच एका खोलीने घेतला.

ऑक्सफर्डमध्ये फिरणाऱ्याला महाविद्यालयांच्या पिवळसर दगडी भिंतींची इतकी सवय होते की युनियनची लाल विटांची इमारत सहज नजरेतून निसटते. कॉर्नमार्केट हा गावातला दुकानांचा गजबजलेला रस्ता. त्याच्या एका अंगाला फ्रुइन कोर्ट नावाची बोळवजा वाट आहे आणि पलीकडच्या बाजूला सेंट मायकेल्स स्ट्रीट. या दोहोंच्या मध्ये, दुकानांच्या पाठीमागे दडल्यासारखी, युनियनची बाग आणि तिच्याभोवतीच्या इमारती आहेत. समोरून भव्य दर्शन घडावे अशी जागाच तिथे नाही. माझ्या आतेबहिणीची मुलगी ऑक्सफर्डला शिकते आणि युनियनची सदस्य आहे. तिने फाटकाशीच एक गोष्ट स्पष्ट केली. ‘‘मामा, ही विद्यापीठाची संस्था नव्हे, आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नांवर भांडणारी विद्यार्थी संघटनाही नव्हे. ती वेगळी आहे. हा वर्गणी भरून सदस्य होण्याचा क्लब आहे.’’ हा भेद लक्षात ठेवला की पुढच्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो. विद्यापीठाची मालकी नाही म्हणून विद्यापीठाची आज्ञाही चालत नाही; आणि वर्गणी भरावी लागते म्हणून हे स्वातंत्र्य सर्वांच्या खिशाला परवडतेच असेही नाही.

विद्यापीठापासून अंतर राखण्यामागे कारण होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधली विद्यापीठे ही चर्चच्या छायेखालची, शिस्तप्रिय आणि वादाला भिणारी ठिकाणे होती. केंब्रिजचे वादविवाद मंडळ १८१५ साली निघाले आणि अवघ्या दोन वर्षांत, १८१७ मध्ये, तिथल्या कुलगुरूंनी ते बंद पाडले. १८२१ मध्ये ते पुन्हा उघडले तेव्हा अट अशी घालण्यात आली की गेल्या वीस वर्षांतल्या राजकारणावर चर्चा करायची नाही. विशीतल्या तरुणांनी आपल्या जन्मानंतर घडलेल्या कशाहीबद्दल बोलू नये, असा त्या अटीचा सरळ अर्थ होता, आणि ती घालणाऱ्यांना त्यात काही विनोदी वाटले नसावे. ऑक्सफर्डमध्ये १८२३ साली असेच एक मंडळ स्थापन झाले, ते कुरबुरींमुळे मोडले आणि १८२५ च्या डिसेंबरात ‘ऑक्सफर्ड युनियन सोसायटी’ या नावाने पुन्हा उभे राहिले. पहिली पंचवीस-तीस वर्षे त्याला स्वतःचे घर नव्हते; सभा भाड्याच्या खोल्यांतून भरत.

घर नसतानाच्या या काळातच युनियनची खरी ताकद काय आहे ते दिसून आले होते. विल्यम ग्लॅडस्टन १८३० मध्ये युनियनचे अध्यक्ष झाले आणि १८३१ मध्ये त्यांनी तिथे मताधिकार वाढवणाऱ्या सुधारणा विधेयकाच्या विरोधात एक घणाघाती भाषण केले. श्रोत्यांत न्यूकासलच्या ड्यूकचा मुलगा होता. त्याच्यावर त्या भाषणाचा इतका प्रभाव पडला की त्याने वडिलांकडे शब्द टाकला आणि पुढच्याच वर्षी ग्लॅडस्टन ड्यूकच्या प्रभावाखालच्या नेवार्क मतदारसंघातून पार्लमेंटात पोहोचले. मताधिकार वाढू नये म्हणून केलेल्या भाषणाने त्यांना खासदारकी मिळवून दिली. आणि त्याच ग्लॅडस्टन यांच्या सरकारने १८८४ मध्ये खेड्यापाड्यांतल्या लाखो मजुरांना मताधिकार दिला. युनियनमध्ये बोललेला शब्द माणसाला आयुष्यभर बांधत नाही, त्याला पुढची दारे मात्र उघडून देतो, ही परंपरा म्हणजे त्या संस्थेच्या पायाचाच दगड आहे.

आता त्या खोलीबद्दल. युनियनला स्वतःची वास्तू मिळाली ती १८५७ मध्ये. वास्तुकार होते डब्लिनचे बेंजामिन वुडवर्ड, ज्यांच्या आराखड्यावर त्याच सुमाराला ऑक्सफर्डच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचेही काम चालू होते. त्यांनी बांधलेले वादविवादाचे सभागृह हेच आजचे जुने ग्रंथालय. बाहेर प्रवेशद्वाराच्या वर दंतकथेतला राजा आर्थर आणि त्याच्या गोलमेजावरचे सरदार दगडात कोरलेले आहेत; ते काम अलेक्झांडर मन्रो या शिल्पकाराचे. आत शिरल्यावर लांबट, दोन्ही टोकांना गोलाकार होत गेलेली, उंच छताची खोली लागते. पुस्तकांची कपाटे खालीही आहेत आणि वरच्या सज्ज्यातही. मजेची गोष्ट अशी की खोलीच्या मधोमध शेकोटी आहे आणि तिच्यावर धुराडेच नाही. धूर जमिनीखालून नेलेल्या वाटेने बाहेर जातो. सभेत समोरासमोर बसणाऱ्यांच्या मध्ये धुराड्याचा खांब नको, एवढाच त्यामागचा हेतू असावा, पण तो साधण्यासाठी केवढा खटाटोप केला आहे.

सज्ज्याच्या वर, कपाटे संपतात तिथपासून छतापर्यंत, भिंतीचा एक रुंद पट्टा खोलीभोवती फिरतो. त्याचे दहा खण आहेत आणि प्रत्येक खणात फुलाच्या पाकळ्यांसारख्या कडांच्या दोन गोल खिडक्या आहेत. १८५७ च्या उन्हाळ्यात चित्रकार दान्ते गॅब्रिएल रोझेटी ऑक्सफर्डला आले, त्यांनी ही नुकतीच उभी राहिलेली कोरी भिंत पाहिली आणि ती रंगवून देण्याची तयारी दाखवली. मेहनताना काही नको. रंगांचा आणि राहण्याखाण्याचा खर्च युनियनने करावा, एवढेच. विषय ठरला आर्थर राजाच्या कथांचा. रोझेटी यांनी मित्रांना गोळा केले: विल्यम मॉरिस, एडवर्ड बर्न-जोन्स, आर्थर ह्यूज, व्हॅल प्रिन्सेप, स्पेन्सर स्टॅनहोप, हंगरफोर्ड पोलन. यांतले मॉरिस आणि बर्न-जोन्स तेव्हा जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचे होते आणि ऑक्सफर्डमधून नुकतेच बाहेर पडले होते. पुढे ही नावे इंग्लंडच्या कलेच्या इतिहासात मोठी झाली, पण त्या उन्हाळ्यात त्यांच्यापैकी बहुतेकांना भिंतीवर चित्र कसे काढतात याची फारशी कल्पना नव्हती.

त्याचा परिणाम आजही मान वर केली की दिसतो. भिंत नवी होती, तिच्यातली ओल पुरती गेलेली नव्हती. विटांवर गुळगुळीत गिलावा करून घ्यायला हवा होता. तो न करता नुसता चुन्याचा हात फिरवला आणि त्यावर बारीक कुंचल्यांनी, कागदावर रंगवावे तसे, रंगवायला सुरुवात केली. खाली गॅसचे दिवे जळत, त्यांची काजळी आणि उष्णता सरळ वर जाई. चित्रे पूर्ण झाली तेव्हा रंग इतके झगझगीत होते की पाहणारे थक्क झाले, पण काही वर्षांतच ती फिकट पडू लागली आणि विटांचे सांधे चित्रांतून वर येऊ लागले. भरीस भर म्हणजे त्या गोल खिडक्या: प्रत्येक चित्राच्या ऐन मध्यावर दोन प्रखर उजेडाची वर्तुळे, ज्यांच्यामुळे भोवतालचे रंग डोळ्यांना दिसतच नाहीत. मी सज्ज्यात एका जागी उभा राहून रोझेटी यांचे लान्सेलॉट या आर्थरच्या सरदाराचे चित्र शोधत होतो, आणि हाताने खिडकी झाकल्यासारखे करून, एक डोळा मिटून पाहिल्यावर कुठे निळसर-हिरव्या रंगातून एक चेहरा वर आला. हात काढला की तो पुन्हा उजेडात विरघळून जाई.

पण ती मंडळी भलतीच आनंदात होती. काम करताना डोळ्यांवर तिरीप येऊ नये म्हणून त्यांनी खिडक्यांच्या काचांना चुना फासला आणि मग त्या पांढऱ्या काचांवर वोम्बॅट नावाच्या ऑस्ट्रेलियन प्राण्याची चित्रे काढत बसले, कारण रोझेटी यांना त्या गुबगुबीत प्राण्याचे वेड होते. सोडावॉटरच्या बाटल्यांचा खर्च युनियनच्या माथी पडत होता. मॉरिस यांनी चित्रासाठी नमुना हवा म्हणून गावातल्या लोहाराकडून शिरस्त्राण करून घेतले, ते डोक्यावर चढवले आणि समोरची झडप अडकून बसली. आतून त्यांनी मारलेल्या डरकाळ्यांचे वर्णन बर्न-जोन्स पुढे हसत हसत सांगत. मॉरिस यांनी आपला खण सर्वांच्या आधी पूर्ण केला. त्यात माणसांपेक्षा पुढ्यातली सूर्यफुलेच अधिक ठसठशीत आहेत, आणि वेलबुट्टीच्या नक्षीकामाने पुढे जगभर नाव कमावलेल्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट मला फार बोलकी वाटली. खण संपल्यावर ते छताकडे वळले, आणि १८७५ मध्ये त्यांनी ते छत पुन्हा नव्याने रंगवले. आज खोलीत सर्वांत ताजेतवाने दिसते ते हे दुसऱ्यांदा रंगवलेले छतच. पहिल्या प्रयत्नात हाताखालून निसटलेली गोष्ट अठरा वर्षांनी त्याच माणसाने जमवून दाखवली. याच १८५७ च्या मुक्कामात, गावातल्या एका नाटकाच्या खेळाला गेले असता, रोझेटी आणि बर्न-जोन्स यांना जेन बर्डन ही ऑक्सफर्डमधल्या एका तबेलेवाल्याची मुलगी भेटली. ती या मंडळींच्या चित्रांची नमुना झाली आणि १८५९ मध्ये मॉरिस यांची पत्नी.

सगळे खण काही त्या मित्रांच्या हातून पूर्ण झाले नाहीत. रोझेटी अर्ध्यावरच निघून गेले, उरलेले तीन खण १८५९ मध्ये विल्यम रिव्हिएर आणि त्यांच्या मुलाने रंगवले. पुढे विसाव्या शतकात, १९३० च्या दशकात आणि पुन्हा १९८० च्या दशकात, चित्रांची डागडुजी झाली, म्हणून आज निदान एवढे तरी दिसते. ‘‘इथे अभ्यासाला बसलेल्यांपैकी किती जण वर बघतात?’’ असे मी भाचीला विचारले. ‘‘परीक्षा जवळ आली की सगळेच,’’ ती म्हणाली.

सदस्य वाढत गेले आणि वुडवर्ड यांचे सभागृह अपुरे पडू लागले. १८७९ मध्ये बागेच्या दुसऱ्या अंगाला अल्फ्रेड वॉटरहाउस यांनी बांधलेले नवे सभागृह उघडले आणि जुने सभागृह पुस्तकांच्या स्वाधीन झाले. वॉटरहाउस यांनीच त्याआधी, १८६६ मध्ये, केंब्रिजच्या मंडळाची वास्तू बांधली होती, तेव्हा वाद घालणाऱ्या तरुणांसाठी घर कसे बांधावे याची त्यांना चांगलीच माहिती होती. ग्रंथालयाची सोयही मोठी होती, कारण विद्यापीठाचे प्रसिद्ध बोडलियन ग्रंथालय पुस्तके घरी देत नाही; युनियन देत असे, आणि वर्तमानपत्रे वाचायला उबदार खोलीही देत असे. अनेक सदस्य वर्षानुवर्षे एक अक्षरही न बोलता केवळ यासाठी वर्गणी भरत असणार.

नवे सभागृह पाहताना पार्लमेंटची आठवण होणे अटळ आहे, कारण ती व्हावी अशीच त्याची रचना आहे. समोरासमोर बाके, मध्ये मोकळी जागा, टोकाला उंचावर अध्यक्षांची खुर्ची, तिच्यापुढे सचिवाचे मेज, आणि बोलणाऱ्याने हात टेकावा अशा, पार्लमेंटातल्यासारख्या लाकडी पेट्या. भोवती वर सज्जा. कडेला माजी पदाधिकाऱ्यांचे अर्धपुतळे. अध्यक्ष, ग्रंथपाल, खजिनदार आणि सचिव अशी चार पदे आहेत, ती विद्यार्थीच भूषवतात आणि दर सत्राला बदलतात. वर्षात तीन सत्रे, म्हणजे तीन अध्यक्ष. सत्र चालू असताना दर गुरुवारी रात्री वादविवाद होतो. वक्ते आणि पदाधिकारी औपचारिक काळ्या पोशाखात येतात. वेळ संपली की घंटा वाजते. बोलणाऱ्याला मध्येच थांबवून मुद्दा मांडण्याची मुभा आहे, पण तो ऐकून घ्यायचा की नाही हे बोलणाऱ्याने ठरवायचे, आणि हुशार वक्ता कोणाला होकार द्यायचा हे चेहरा पाहून ठरवतो, असे भाचीने सांगितले. आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत वक्ता परीक्षकांकडे पाहून बोलतो आणि निकाल तिघांच्या कागदावर लागतो. इथे परीक्षक नाहीत. निकाल श्रोते लावतात, आणि तो पायांनी लावतात.

हा तो दरवाजा. सभागृहातून बाहेर पडण्याची वाट मधोमध दुभागलेली आहे. एका अंगाला होकार देणाऱ्यांची वाट, दुसऱ्या अंगाला नकार देणाऱ्यांची. वादविवाद संपला की प्रत्येकाने उठायचे आणि आपल्या मताच्या बाजूने बाहेर पडायचे. दाराशी उभे असलेले मोजणीदार माणसे मोजतात. मला ही रचना फार आवडली, आणि ती नुसती गंमत म्हणून नव्हे. हात वर करणाऱ्याला शेजाऱ्याकडे पाहून हात अर्धा खाली घेता येतो. दारातून बाहेर पडणाऱ्याला दोन पावले आधी ठरवावेच लागते, शिवाय ज्याच्याबरोबर आलो तो मित्र पलीकडच्या बाजूने जाताना दिसतो. अर्थात यातली एक अडचणही तिथेच उभे राहिल्यावर ध्यानात येते: ज्याला काहीच ठरवता आलेले नाही त्यालाही घरी जायचे तर असतेच.

इथे कोण कोण होऊन गेले याची यादी युनियन अभिमानाने मिरवते, आणि ग्लॅडस्टन, ॲस्क्विथ, एडवर्ड हीथ, बोरिस जॉन्सन हे पंतप्रधान झालेले अध्यक्ष त्या यादीत वरच्या ओळीत असतात. मला त्या खुर्चीपुढे उभे असताना वेगळीच जोडी आठवत होती. १८८० मध्ये, सभागृह नवे कोरे असताना, जॉर्ज कर्झन अध्यक्ष होते. पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होऊन ज्यांनी बंगालची फाळणी केली तेच हे. आणि १९३४ मध्ये त्याच खुर्चीवर दोसाभाई फ्रामजी कराका हे मुंबईचे पारशी तरुण बसले, युनियनचे पहिले भारतीय अध्यक्ष. पुढे मुंबईत ‘करंट’ हे साप्ताहिक चालवणारे तिखट पत्रकार म्हणून कराका यांना लोक ओळखू लागले. त्यांच्यानंतर आणखी भारतीय अध्यक्ष झाले. माथेरानला जन्मलेले गिरीश कार्नाड १९६३ मध्ये अध्यक्ष होते, हे आपल्याकडच्या नाट्यवेड्यांनाही बहुधा चटकन आठवत नाही. कर्झन यांच्या खुर्चीवर कराका बसण्याला चोपन्न वर्षे लागली, आणि तरीही साम्राज्य संपण्याला तेव्हा तेरा वर्षे बाकी होती. परक्या सत्तेच्या राजधानीपासून तासाभराच्या अंतरावर, तिच्याच उमरावांच्या मुलांनी एका हिंदी तरुणाला मते देऊन निवडले, ही गोष्ट मोठी खरी. पण त्या निवडीने मुंबईत कोणाचा एक हक्कही वाढला नाही, हेही तितकेच खरे.

कराका अध्यक्ष होण्याच्या एक वर्ष आधी या सभागृहाने आपल्या इतिहासातली सर्वांत गाजलेली गडबड करून ठेवली होती. तारीख ९ फेब्रुवारी १९३३. जर्मनीत हिटलर चॅन्सेलर होऊन दहा दिवस झाले होते. प्रस्ताव असा होता की हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजासाठी आणि देशासाठी लढणार नाही. बाजूने बोलणाऱ्यांत तत्त्वज्ञ सी. ई. एम. जोड होते, विरोधात पुढे मंत्रिपदे भूषवणारे क्विंटिन हॉग. प्रस्ताव २७५ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर झाला. आरंभी फारसे कोणाच्या लक्षातही आले नाही, पण वर्तमानपत्रांनी तो उचलला आणि देशभर काहूर माजले. युनियनकडे पांढऱ्या पिसांची पेटी आली, आणि पांढरे पीस म्हणजे तिथे भित्रेपणाची खूण. पिसे होती बरोबर २७५, म्हणजे होकाराच्या प्रत्येक मतामागे एक. काही जणांनी इतिवृत्ताच्या वहीतून त्या सभेची पानेच फाडून नेली. विन्स्टन चर्चिल यांचे चिरंजीव रँडॉल्फ यांनी हा ठराव इतिवृत्तातून काढून टाकावा असा प्रस्ताव आणला, तेव्हा चित्र पाहण्यासारखे झाले: तो ७५० विरुद्ध १३८ मतांनी आपटला. शांततावादी एकाएकी तिप्पट झाले होते असे नव्हे. बाहेरच्यांनी येऊन आमची वही खोडू नये, एवढ्यावर पुष्कळांचे एकमत झाले होते. मला तरी त्या दोन मतदानांपैकी दुसरे अधिक महत्त्वाचे वाटते. त्या ठरावामुळे हिटलरला बळ चढले असे पुढे बरेच जण म्हणत राहिले, आणि एका महाविद्यालयीन सभेच्या खांद्यावर एवढे मोठे ओझे टाकणे हे मला पटत नाही. दारातून होकाराच्या बाजूने बाहेर पडलेल्यांपैकी अनेक जण सहा वर्षांनी गणवेश चढवून युद्धावर गेले. पन्नास वर्षांनी, १९८३ मध्ये, तोच प्रस्ताव पुन्हा मांडला गेला आणि ४१६ विरुद्ध १८७ मतांनी फेटाळला गेला.

सज्ज्याकडे पाहिल्यावर मात्र कौतुकाला लगाम बसतो. भाषणस्वातंत्र्याचा एवढा डंका वाजवणाऱ्या या संस्थेने स्त्रियांना सदस्यत्व दिले ते १९६३ मध्ये. त्याआधी त्या पाहुण्या वक्त्या म्हणून येऊ शकत, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या मिलिसेंट फॉसेट १९०८ मध्ये येऊन बोलल्या होत्या; पण विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींना खालच्या बाकांवर हक्काची जागा नव्हती, त्यांनी वर सज्ज्यात बसायचे. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये; म्हणजे जिथे विद्यापीठाच्या जुनाटपणापासून सुटका करून घेण्यासाठी तरुण जमले होते, तिथले तरुण या बाबतीत विद्यापीठाच्याही त्रेचाळीस वर्षे मागे राहिले. एकदा दार उघडल्यावर मात्र गाडी वेगाने धावली: जेराल्डीन जोन्स १९६८ मध्ये पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या आणि १९७७ मध्ये बेनझीर भुट्टो.

‘‘पण मनापासून बोलतात का गं इथे?’’ हा माझा प्रश्न भाचीला अपेक्षितच असावा. ‘‘बाजू आधी मिळते, मामा. मत नंतर बनवायचे, किंवा नाही बनवायचे.’’ पाहुणे वक्ते सहसा आपल्या खऱ्या मताच्या बाजूने उभे राहतात, विद्यार्थी वक्त्यांना मात्र पुष्कळदा मिळेल ती बाजू लढवावी लागते. पदांच्या मागे धावणाऱ्यांना तिथल्या बोलीत ‘हॅक’ म्हणतात, आणि उमेदवाराने उघडपणे मते मागू नयेत असा नियम दीर्घकाळ होता, ज्यामुळे मते मागण्याचे काम चहा-कॉफीच्या निमित्ताने आडून होत असे. ज्या देशाचे राजकारण असल्या तालमीतून येते त्या देशाला चांगले वक्ते मिळतात. चांगले राज्यकर्ते मिळतात का, याविषयी मी साशंक आहे. नेमून दिलेली बाजू चटकदारपणे लढवणे ही वकिलाला लागणारी कला आहे. तिची सवय विसाव्या वर्षी लागली तर पन्नासाव्या वर्षी सुटेलच असे नाही.

तरीही या सभागृहाच्या बाजूने एक पुरावा मला मान्य करावाच लागतो. ३ डिसेंबर १९६४ रोजी इथे अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स बोलले. स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी स्वीकारलेला अतिरेक हा दोष नव्हे, या आशयाचा प्रस्ताव होता आणि ते त्याच्या बाजूने उभे होते. अध्यक्षस्थानी जमैकाचे एरिक अब्राहम्स होते. बीबीसीने चित्रित केलेल्या त्या भाषणात काळा कोट आणि बो घातलेले माल्कम एक्स आवाज न चढवता, श्रोत्यांना मधूनमधून हसवत, त्यांना न आवडणारी गोष्ट त्यांच्या गळी उतरवताना दिसतात. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत त्यांची हत्या झाली. मतमोजणीत त्यांची बाजू हरली होती. ज्यांनी ती हरवली, त्यांनी त्याआधी प्रत्येक शब्द ऐकून घेतला होता, आणि यासाठी तरी समोरासमोरच्या बाकांची ही रचना मला सार्थ वाटते.

ज्यांना जायचे असेल त्यांनी आधी चौकशी करून जावे. मोठे सभागृह कार्यक्रमांच्या वेळी बाहेरच्यांना बंद असते आणि गुरुवारचे वादविवाद प्रामुख्याने सदस्यांसाठी आहेत. दोन्ही खोल्यांना पुरेल एवढा वेळ नसेल तर मी जुन्या ग्रंथालयाची निवड सुचवीन. सभागृहातली भाषणे घरबसल्या पडद्यावर ऐकता येतात. मॉरिस यांची सूर्यफुले मात्र छायाचित्रात धड येत नाहीत, कारण खिडक्यांचा तो उजेड कॅमेऱ्यालाही तितकाच छळतो. शक्य असेल तर ढगाळ दिवस निवडावा किंवा दिवेलागणीच्या सुमारास जावे, सज्ज्याच्या पातळीवर पोहोचल्यावर डोळ्यांना जरा सरावू द्यावे, आणि मग एकेका खणापुढे थांबत डावीकडून उजवीकडे जावे.